न्हाणीतला बंब आणि साक्षीदार क्रमांक सात

"मी रूपचंद. अख्ख्या खानदेशातला पहिला, आणि माझ्या तोडीचा विचार करता शेवटचाच, खाजगी गुप्तहेर. माझ्या नजरेतून मुंगी सुटत नाही. आणि माझ्या नाकातून..." इथे तो थांबे, नाकाच्या शेंड्यावर बोट ठेवी आणि समोरच्याला जरा घाबरू देई. "...माझ्या नाकातून त्या मुंगीचा हेतूसुद्धा सुटत नाही."

लग्नाला चार वर्षं झाली होती. मीनाने हे भाषण इतक्या वेळा ऐकलं होतं, की हल्ली बाळीला झोपवताना तिला अंगाईऐवजी तेच आठवे. बाळी मुंगीच्या हेतूपर्यंत कधी जागी राहिली नव्हती.

नाकाचं म्हणाल तर रूपचंद नंदुरबारला मिरचीच्या पेढीवर तेरा वर्षं माल पारखत होता. देठ मोडून, हुंगून, कुठल्या शेतातली मिरची ते सांगायचा. पेढीवर त्याला मान होता. घरी मात्र दूध उतू जाऊन करपलं, शेगडीवर फडकं पेटलं, तरी त्याला पत्ता नसे. तेरा वर्षांच्या मिरचीने त्या नाकात मिरचीखेरीज कशालाच जागा ठेवली नव्हती. हे फक्त मीनाला ठाऊक होतं, आणि काही गोष्टी बायकोने ठाऊक असूनही मनात ठेवायच्या असतात.

गुप्तहेरपदाचं प्रमाणपत्र त्याने टपालाने मागवलं होतं. ते देवांच्या तसबिरींच्या रांगेत शेवटी टांगलेलं असे आणि दसऱ्याला त्यालाही झेंडूचा हार मिळे. आजवरचं सर्वांत गाजलेलं प्रकरण शेजारच्या हरवलेल्या शेळीचं. ते अवघड व्हायचं कारण एवढंच, की तपास सुरू झाला तेव्हा शेळी घरी परत आली होती. रूपचंदने डगमगून न जाता शेळीची जबानी घेतली. मीना सहायक. म्हणजे वही, पेन्सिल, कंदील, बाळी आणि साहेबांची टोपी सांभाळणं तिच्याकडे.

पौषातल्या एका सोमवारी मीनाचा गिरधरमामा रनाळ्याहून आला. आला होता भाचीला न्यायला. गुप्तहेराला कोणीही बोलावलं नव्हतं.

"वत्सला येई ऱ्हायनी बुधवारले," मामा ओसरीवर टेकत म्हणाला. "बाळंतपनले. संगे विहीनबाई भी. मीना, तुन्ही मामी घाबरी गयी शे. न्हाणीमातला बंब फुटी गया."

वत्सला मामाची एकुलती एक. पहिलटकरीण. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. पण वत्सलाच्या सासूबाई, जमनाबाई, रीतसुद्धा आधी स्वतः तपासून घेणाऱ्यांतल्या. सहा वर्षांपूर्वी घर बांधलं तेव्हापासून मामा पाहुण्यारावळ्यांत एकच गोष्ट ऐकवत आला होता. आमच्या न्हाणीत बंब भिंतीतच बसवलेला आहे, धुराड्यासकट. नळ फिरवला की गरम पाणी. वत्सलाच्या लग्नातही हे त्याने दोनदा सांगितलं होतं. आता जमनाबाईंनी निरोप धाडला होता, 'बंब पेटलेला डोळ्यांनी पाहीन, तर सून ठेवीन. थंडीचे दिवस आहेत. नाहीतर आल्या गाडीने परत नेईन.'

वत्सलाचं पत्र मीनाकडेही आलं होतं. पत्रात शेवटी लिहिलं होतं, 'ताई, इथे सगळे चांगले आहेत. पण इथे हळू रडावं लागतं. आईकडे मोठ्याने रडता येईल.' मीनाने ते पत्र बाळीच्या झबल्यांत ठेवून दिलं होतं आणि झबलं काढताना रोज एकदा वाचत होती.

"मग नवा बंब घ्या," मीना म्हणाली.

"लिधा ना! तांबटकडथीन आना. परसमा पडेल शे. पन जुना निंघस नही. बंब दोन हात, दार दीड हात. त्याच दारथीन नवा मझार जास नही."

आतल्या खोलीत टोपी झटकल्याचा आवाज झाला. दारात रूपचंद उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर ते तेज होतं, जे मीनाने शेळीच्या वेळी पाहिलं होतं.

"दीड हाताचं दार," तो सावकाश म्हणाला, "आणि आत दोन हातांचा बंब. मामा, तो आत गेला कसा?"

मामाने तोंड उघडलं.

"बोलू नका! साक्ष घेतल्याशिवाय कोणी बोलायचं नाही." रूपचंद कामावर असला की शुद्ध पुस्तकी मराठी बोले. गुन्हेगार अहिराणीला घाबरत नाहीत, असं त्याचं मत होतं. "मीना, वही घे. मी पेढीवरून चार दिवसांची सुटी काढतो."

मामाने मीनाकडे पाहिलं. जावयाला नको कसं म्हणायचं? एस.टी.त चौघं बसले.

*

रनाळ्याला पोचल्या पोचल्या रूपचंदने न्हाणी ताब्यात घेतली. बंब खरोखरच भिंतीत चिणलेला होता. तीन बाजूंनी विटा, वरून धुराडं, पुढून नळ, आणि बुडातून सहा वर्षांची सेवा थेंब थेंब गळत होती.

"भिंत फोडू," रूपचंद म्हणाला.

"हाई भिंत?" तापीमामीने कानांवर हात ठेवले. "हाई भिंतना तथा बाजूले कानबाई देवी बससे श्रावनमा. कानबाईना पाठमा घन माराना?"

दुसरी भिंत मामाचा चुलतभाऊ चुडामण याच्याशी सामाईक होती. ती बांधल्या दिवसापासून दोन्ही घरं एकमेकांशी बोलत नव्हती. तिसऱ्या भिंतीवर धाब्याचा मुख्य सरा, म्हणजे तुळई, टेकला होता. ती काढली तर मातीचं अख्खं छत न्हायला खाली उतरलं असतं. चौथीत ते दार, आणि दाराच्या दोन्ही अंगांना छत पेलणारे लाकडी खांब.

"म्हणजे बंद खोली," रूपचंद समाधानाने म्हणाला. "लिही, मीना. प्रकरण उत्तम आहे."

मग हुकूम सुटले. परसातला नवा बंब हा मुद्देमाल; त्याच्याभोवती मिरचीच्या पोत्यांची सुतळी बांधून तिचं दुसरं टोक शेवग्याला अडकवण्यात आलं. परसात कोणी जायचं नाही. बायकांना कामापुरती सूट. स्वतः गुप्तहेरालाही बंदी, कारण नियम म्हणजे नियम. आणि ज्याची साक्ष झाली नाही त्याने बंबाविषयी अवाक्षर काढायचं नाही.

"आवो, पन जवाईबापू..." मामी म्हणाली.

"साक्षीदार क्रमांक पाच. तुमची पाळी आली की बोला."

यादी मीनाच्याच हातची होती. एक, मामा. दोन, घर बांधणारा सुपडू गवंडी. तीन, चुडामण. चार, चुडामणचा बैल, कारण तो त्या भिंतीच्या पलीकडे बांधलेला असे आणि त्याने काहीतरी ऐकलं असणार. पाच, मामी. सहा, मीना. आणि सात, फुलवंताबाई. ही गावाची सुईण. मूळची वर सातपुड्यातली. वत्सला तिच्याच हातावर जन्मली होती, आणि आता वत्सलाचं बाळंतपण करायला ती आठवडाभर आधीच मामाकडे राहायला आली होती. बैलानंतर तीन बायका का, हे मीनाने विचारलं नाही. तिने पेन्सिलीला टोक काढलं.

सुपडू गवंडी साक्षीला आला, तो विडी कानावर ठेवूनच.

"सोपं शे भाऊ," तो म्हणाला. "बंब पहिले उना. मंग मी भिंती बांध्यात. मंग दार बसाडं."

"एवढं लहान दार?"

"ती शेळ्यासना गोठानी चौकट व्हती. न्हाणीनी चौकट सुतारकडथीन उनीच नही. आनि चौकट उभी कराना मुहूर्त व्हता सकायना. मुहूर्त टळू देवाना का? जी व्हती ती उभी कयी."

"आणि बंब पुढे कधी बाहेर काढावा लागेल, हे?"

"त्याना मुहूर्त नव्हता," सुपडू म्हणाला.

रूपचंदने त्याच्याकडे बराच वेळ रोखून पाहिलं. मग तो मीनाकडे वळून हळूच म्हणाला, "लिही. साक्षीदार काही कारण नसताना खरं बोलतो आहे. अत्यंत संशयास्पद."

पहिला सिद्धांत संध्याकाळी तयार झाला. तांबं तापलं की फुगतं. रोज मोहरीएवढं धरलं तरी सहा वर्षांत बंब वीतभर वाढला. आत गेला तेव्हा तो सडपातळ होता. उपाय सोपा, थंड पाणी ओतून त्याला आकसू द्यायचं. मामाने विहिरीच्या चौदा बादल्या ओतल्या. मीनाने बाळीच्या झबल्याच्या नाडीने बंब मोजला. बंब होता तेवढाच राहिला. न्हाणीतलं पाणी मात्र चुडामणच्या गोठ्यात गेलं आणि साक्षीदार क्रमांक चार रात्रभर हंबरला. चुडामण भिंतीपलीकडून सहा वर्षांत पहिल्यांदा बोलला. तो काय बोलला ते मीनाने वहीत घेतलं नाही.

दुसरा सिद्धांत त्याला मंगळवारी सकाळी आंघोळ करताना सुचला. पंचा गुंडाळूनच तो बाहेर आला.

"हा बंब तो नव्हेच! खरा बंब चोरून हा तोतया ठेवला आहे. भांड्यावर नाव घातलेलं असतं. मी भिंतीच्या फटीतून बोट घालून अक्षरं चाचपली. 'बाई' एवढं लागलं. या गुन्ह्यात एक बाई आहे."

मीनाने इकडेतिकडे पाहिलं. घरात तापीबाई होती, फुलवंताबाई होती, ती स्वतः मीनाबाई होती, आणि उद्या जमनाबाई येणार होत्या.

"मन्हंच नाव शे ते," मामी स्वयंपाकघरातून म्हणाली. "मन्ही मायनी घाली दिन्हं व्हतं."

"क्रमांक पाच!" रूपचंद गरजला, आणि मामी गप्प झाली.

त्या दुपारी त्याने मागच्या झरोक्यातून परसाची टेहळणी केली. कडब्याच्या गंजीमुळे बंब दिसत नव्हता, पण सुतळी दिसत होती. सुतळीवर अकरा पांढरी निशाणं फडकत होती.

"टोळी अकरा जणांची आहे," तो म्हणाला. संध्याकाळी पुन्हा पाहिलं, तर सहाच होती. "फूट पडली!"

ती बाळीची लंगोटी होती. मीनाला सांगता आलं असतं. पण तिची साक्ष व्हायची होती, आणि खरं सांगायचं तर तिला परसात जायची वेळच येत नव्हती. इथे आल्यापासून फुलवंताबाई तिला कशाला हात लावू देत नव्हती. लंगोटी धुतलेली मिळत. ताट वाढलेलं मिळे. सकाळी उठावं, तर न्हाणीत वाफाळतं पाणी भरलेलं. आधी जावयाला, मग बाळीला, आणि मग, हे तर घरी कधीच घडत नसे, मीनालाही. चार वर्षांत तिने बाळीच्या उरलेल्या कोमट पाण्यातच अंग धुतलं होतं. आपल्यासाठी कोणी तरी पाणी तापवतं, तेव्हा ते कुठून आलं हे विचारू नये, असं तिला वाटलं. विचारलं आणि बंद झालं तर?

*

बुधवारी सकाळी तिसरा सिद्धांत आला, आणि या वेळी तो कुदळ घेऊन आला.

"वरून!" रूपचंदचे डोळे चमकत होते. "चारी भिंतींतून नाही, म्हणजे धाब्यातून. वरून आत गेला, वरूनच बाहेर येईल. सुपडू, शिडी लाव."

"भाऊ, धाबं फुटनं तं..."

"जमनाबाई दुपारी येतील. त्याआधी नवा बंब आत हवा."

मामाने धाब्याकडे पाहिलं. जुन्या बंबाने निदान छत तरी डोक्यावर ठेवलं होतं. पण जावयाचा शब्द आणि तोही शिडीवरून आलेला. मामा शिडी धरून उभा राहिला. मामी देवाजवळ जाऊन बसली. मीनाने बाळीला कडेवर घेतलं आणि तिच्यासाठी कोरडं लंगोटं आणायला, तीन दिवसांत पहिल्यांदाच, परसात पाऊल टाकलं.

कडब्याच्या गंजीमागे फुलवंताबाई उकिडवी बसून तुरीच्या काड्या मोडत होती आणि नव्याकोऱ्या बंबाच्या नळीत सोडत होती. बंबाला गुप्तहेराची सुतळी बांधलेली होती, सुतळीवर लंगोटी वाळत होती, आणि नळाखाली बादली वाफा सोडत होती.

मीना सुतळी ओलांडून पुढे झाली. "फुलवंतामावशी, हे कधीपासून?"

"सोमवारथीन," ती काडी मोडत म्हणाली. "जवाई उना. थंडीना दिवस. जवाईले थंडं पानी देवाना का? बंब आठे, इस्तो आठे, पानी आठे. तापाडं."

"मग कोणी सांगितलं का नाही?"

"माले कोनी इचारंच नही." तिने वर पाहिलं. "माय, मन्हा नंबर कितवा शे?"

"सातवा."

"आनि बैलना?"

"चौथा."

फुलवंताबाईने मान हलवली आणि आणखी एक काडी आत सारली. जणू यात तिला नवल वाटण्यासारखं काही नव्हतं.

वर धप्प असा आवाज झाला. धाब्यावर कुदळीचा पहिला घाव पडला होता. न्हाणीच्या बाजूने मातीचा फुफाटा उडाला. आणि त्याच वेळी गल्लीच्या तोंडाशी बैलगाडीच्या घुंगरांचा आवाज आला.

जमनाबाई दुपारची वाट बघत बसणाऱ्या नव्हत्या.

मीना धावत शिडीशी आली. वर तिचा नवरा कुदळ उगारून उभा होता. खाली मामा होता, ज्याच्यासमोर नवऱ्याला चूक म्हणणं तिच्याने झालं नसतं. आणि गाडीत वत्सला होती, जिला मोठ्याने रडायचं होतं.

"साहेब!" मीना ओरडली. "एक प्रश्न राहिला!"

कुदळ थांबली. साहेब म्हटलं की तो नेहमी थांबे.

"आज सकाळी आपण आंघोळ केलीत?"

"अर्थात."

"पाणी कसं होतं?"

"कढत. मी थंड मिसळलं."

"काल?"

"कालही कढत. मीना, ही वेळ..."

"न्हाणीतला बंब तर फुटलेला आहे ना, साहेब. मग ते पाणी आलं कुठून?"

सुपडूने कानावरची विडी काढून हातात घेतली. रूपचंदने नाक उंच करून एक खोल श्वास घेतला. नाकाला काहीच सापडलं नाही. मग त्याने डोळ्यांना संधी दिली. धाब्यावरून अख्खं परस दिसत होतं. गंजीमागून निळा धूर सरळ वर चढत होता, आणि धुराखाली त्याचा मुद्देमाल उकळत होता.

"मन्ही माय!" रूपचंद म्हणाला. तीन दिवसांत तो पहिल्यांदाच घरच्या भाषेत बोलला होता.

*

जमनाबाई गाडीतून उतरल्या त्या थेट न्हाणीकडे गेल्या. वत्सला पोट सावरत मागे. न्हाणीत जुना बंब मातीच्या फुफाट्याने माखून बसला होता. जमनाबाईंनी विस्तव चाचपायला त्याच्या नळीत हात घातला.

"आठे तं इस्तो नही," त्या म्हणाल्या.

मामाच्या कपाळावर पौषात घाम आला. वत्सलाने मीनाकडे पाहिलं. गाडीवान गाठोडं उतरवू की नको, अशा बेताने थांबला होता.

"मागे चला, विहीणबाई," मीना म्हणाली, आणि पुढे झाली.

परसात जमनाबाईंनी बंबाला एक फेरी मारली. सुतळी पाहिली, लंगोटी पाहिली, नळाखाली बोट धरलं आणि झटकन मागे घेतलं.

"बंब बाहेर कसाले?"

सगळ्यांनी शिडीवरून उतरणाऱ्या जावयाकडे पाहिलं. रूपचंदने तोंड उघडलं. आत एकही सिद्धांत शिल्लक नव्हता.

फुलवंताबाई जागची उठलीसुद्धा नाही. "धूर बाहेर, बाळंतीन मझार," ती म्हणाली. "पानी काय, बादलीमा जास. धूर थोडाच बादलीमा बाहेर काढता येस?"

जमनाबाईंनी त्या धुराकडे पाहिलं. त्यांनी पदराने डोळे टिपले. ते रडणं नव्हतं. त्यांचे डोळे नेहमीच पाझरत.

"मन्हा बंब मझारच शे," त्या शेवटी म्हणाल्या. "चार बाळंतपनं मी त्या धूरमा काढात. कोनाच डोकामा उनं नही, का बाहेर ठेवाना." मग त्या गाडीवानाकडे वळल्या. "काय देखी ऱ्हायना? गाठोडं उतार पोरीनं."

गाठोडं उतरलं. मामा कडब्याच्या गंजीला टेकून तिथेच बसला. तेवढ्यात जमनाबाईंची नजर धाब्यावर गेली.

"हाऊ सुपडू ना? मन्ही न्हाणी भी यानीच बांधेल शे!"

सुपडू गवंडी धाब्यावर आडवा झाला. दुपारपर्यंत तो खाली उतरला नाही.

संध्याकाळी फुलवंताबाईने वत्सलाला न्हाऊ घातलं. दीड हाताच्या दारातून वत्सला पोट धरून तिरपी आत गेली. मामीने बादली सरकवली. पाण्याचा पहिला तांब्या अंगावर पडला आणि आतून रडण्याचा आवाज आला, भरपूर मोठा, चुडामणच्या गोठ्यापर्यंत जाणारा. काय झालं म्हणून कोणीही विचारलं नाही. मामी नुसती उंबऱ्याशी बसून दुसऱ्या बादलीत हात घालून पाणी हलवत राहिली. मीनाने बाळीच्या केसांत तोंड लपवलं.

ओसरीवर रूपचंद टोपी घालून बसला होता. त्याने वही मागून घेतली. पहिली तीन पानं बाळीने चघळून टाकली होती, त्यामुळे फुगलेलं तांबं, तोतया बंब आणि अकरा जणांची टोळी यांचा आता कुठेच पुरावा नव्हता. त्याने कोऱ्या पानावर सावकाश लिहिलं:

'प्रश्न: बंब न्हाणीबाहेर कसा येईल? निष्कर्ष: बंब न्हाणीबाहेर आहे. प्रकरण पूर्ण. रूपचंद.'

सही केल्यावर त्याने पेन्सिल कानामागे खोचली. मग वही मीनापुढे करत, दुसरीकडे पाहत म्हणाला, "त्या क्रमांक सातची साक्ष राहिली ना? घेऊन टाक. फाईल अर्धवट नको."

मीना परसात गेली. फुलवंताबाई विस्तवावरची राख बाजूला करत होती. मीनाने साक्ष विचारली. तिने एकच वाक्य सांगितलं, आणि मीनाने ते रूपचंदच्या सहीखाली, बाळीचा हात आवरत, उतरवून घेतलं:

'साक्षीदार क्रमांक सात, फुलवंताबाई: पानी अजून तपेल शे. तू भी न्हाई ले, माय.'